चौथ्या ओळीतली शिवण

हिवरटेक, ता. मोताळा
४ जानेवारी २०२६

रेवती,

आशीर्वाद लिहावा की नाही, इथेच पहिला कागद खराब झाला. हा दुसरा. एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली, अर्ध्या गावातल्या बायकांची पत्रं त्यांच्या माहेरी लिहून दिली, आणि स्वतःच्या सुनेला काय लिहावं ते सुचेना. पण हा कागद फाडणार नाही, जमेल तसं लिहिते.

तुझं पत्र परवा मिळालं. साडेचार वर्षांनी आलं आणि तेही चार ओळींचं. पाकिटावर ‘श्री. हिंमतराव व सौ. रुक्मिणीबाई’ असं लिहिलंस, जसा काही तहसीलला अर्ज करतेस. दहा फेब्रुवारीला सागरला जाऊन पाच वर्षं होतात, त्या दिवशी येईन, त्याच्या झाडापाशी तासभर बसेन आणि परत नागपूरला जाईन. घरी येणार नाही, कोणी वाट पाहू नये. हे वाचून तुझे सासरे बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. मी मात्र रागावले, खोटं कशाला बोलू. आमच्या शिवारात यायचं आणि आमच्या घरी यायचं नाही, हे काय पत्र लिहून कळवायचं असतं?

माझं म्हणणं असं की दहाला येऊ नकोस. मोताळ्याकडचा रस्ता सगळा उकरून ठेवला आहे, आत यायचे हाल आहेत. शिवाय फेब्रुवारीत शिवणीच्या झाडाला पान नसतं, हे मी तुला सांगावं असं नाही, नर्सरीत नोकरी करतेस. उन्हात नुसत्या काड्यांखाली बसून काय करशील? पाडवा होऊन जाऊ दे. नाहीतर पावसाळ्यातच ये, सगळं हिरवं असतं तेव्हा.

रान तू ओळखणार नाहीस. तू गेलीस तेव्हा बांबू खांद्याएवढा होता, आता त्याच्या बेटांतून वाट काढावी लागते. धुऱ्यावर, बांधाच्या कडेने लावलेल्या सीताफळांना यंदा इतकी फळं धरली की बुलढाण्याचा व्यापारी जागेवर येऊन घेऊन गेला. रविवारी मलकापूरची, बुलढाण्याची माणसं गाड्या भरून येतात. तिकीट काढून झाडं बघायची, हे मला अजूनही पटत नाही, पण येतात. बारा एकर नुसता मुरूम, कपाशी धड बोंडावर येत नव्हती, तिथे आता पोरांना घेऊन पायवाटेने हिंडतात, पळसाखाली बसून हुरडा खातात. रान सांभाळणाऱ्या गटाच्या दहा बायका भाकऱ्या थापतात आणि तरी कमी पडतात. रानातलं वाळकं, विरळणीचं लाकूड, तुराट्या, सगळं अविनाशच्या यंत्रात जातं. अविनाश म्हणजे तुझ्या सासऱ्यांचा पुतण्या, तू गेलीस तेव्हा कॉलेजात होता. यंत्रात भुसा होतो, दाबून त्याच्या कांड्या पडतात. त्याला पांढरा कोळसा म्हणतात, रंगाने तपकिरी असला तरी. मलकापूरच्या एका कारखान्याच्या बॉयलरला जातो आणि आपल्या रानातल्या चुलीही त्याच्यावरच पेटतात. सागर असता तर गावभर सांगत हिंडला असता.

झाडाचं विचारलंस. झाड ठीक आहे. तुला आठवत असेल, त्याची राख तू नदीला जाऊ दिली नाहीस. चौथ्या ओळीत एक रोप मेलं होतं, त्या जागी खड्डा घेऊन त्यात घातलीस आणि वर शिवण लावलीस. मला भोवती ओटा बांधायचा होता, नाव घालायचं होतं. तू म्हणालीस, त्याला एकटं पाडू नका, ओळीत राहू द्या. तर ओळीत आहे.

दहाला येऊ नकोस.

रुक्मिणीबाई


१७ जानेवारी

रेवती,

तुझं कार्ड मिळालं. रस्ता उकरला असेल तर पायी येईन म्हणतेस. पानं नसली तरी चालेल म्हणतेस. तुझा हट्ट तसाच आहे, नागपूरच्या पाण्याने काही फरक पडलेला नाही. लग्न होऊन आलीस त्या वर्षी कपाशी मोडून झाडं लावायची म्हणालीस, तेव्हा घरात आम्ही तिघंही विरोधात होतो. सागरसुद्धा. दोन महिन्यांत तिघांनाही खड्डे खणायला लावलेस.

तिळगूळ पाठवते आहे, पोस्टात त्याचा चुरा होईल. चुरा खा. संक्रांतीला बायका वाणाला आल्या तेव्हा एकीने विचारलं, सुनेचं काही कळतं का हो? मी म्हटलं, पत्र येतं तिचं. किती दिवसांनी ते बोलायची मला इतकी लाज वाटली की मी तिला दोनदा हळदीकुंकू लावलं.

झाडाचा फोटो मागितलास. माझ्या फोनवर फोटो नीट निघत नाहीत, म्हणून अविनाशकडून काढवून मोताळ्याला जाऊन कागदावर छापून आणला. सोबत ठेवला आहे. बघ आणि मनाचं समाधान करून घे. नोकरी सोडून, दोन गाड्या बदलून एवढ्यासाठी यायची गरज नाही. तुझ्या सासऱ्यांनी फोटो पाहिला आणि उठून गेले. त्यांचं वय झालं आहे, मनाला फार लावून घेतात.

तू येऊच नकोस असं माझं म्हणणं नाही. दहाला येऊ नकोस, एवढंच.

रुक्मिणीबाई


२६ जानेवारी

रेवती,

शाळेतलं झेंडावंदन करून आले तर पोस्टमन दारात. आज सुट्टी आहे, पण शनिवारचं पाकीट त्याच्याकडे राहिलं होतं, ते द्यायला आला. तू फोटो परत पाठवलास. मागे लिहिलंस, ‘हे त्याचं झाड नाही. त्याचं खोड छातीएवढ्या उंचीवर दुभागतं, पहिल्या उन्हाळ्यात बांबूचा आधार दिला होता तिथे वळ आहे. हे सरळ आहे. आई, त्याचं झाड कुठे आहे?’

पाच वर्षांपूर्वीच्या अंगठ्याएवढ्या रोपाचा वळ तुझ्या लक्षात आहे. मी कोणाला फसवायला निघाले होते?

फोटोतलं झाड सहाव्या ओळीतलं आहे. सागरचं झाड नाही. डिसेंबरात तोडलं गेलं.

हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तुझे सासरे तेव्हापासून एकच वाक्य बोलत होते, “सांगून टाक तिले. कायले लपून राह्यली?” मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, पाच वर्षांनी येते आहे पोरगी, ती खुंट बघायला येणार का?

झालं ते असं. झाडं दाट झाली, एकमेकांना वाढू देईनात. तूच म्हणायचीस की अशा वेळी मधली मधली काढायची, म्हणजे उरलेली पोसतात. गटाने विरळणी काढायची ठरवली. तोडणीची माणसं बाहेरून आणली. त्यांना आपलं रान काय माहीत. काढायच्या झाडांना गेरूची खूण केली होती, ते बघत बघत ते करवत चालवत गेले. चौथ्या ओळीत त्याच्यावरही करवत चालवली. नंतर लावलेलं म्हणून ओळीत सगळ्यांत बारीक तेच होतं, त्यांनाही वेगळं काही वाटलं नाही. मी पोचले तेव्हा फांद्या छाटून झाल्या होत्या. त्यांच्या मुकादमाला मी नाही नाही ते बोलले. तो बिचारा हात जोडून उभा राहिला.

अविनाश म्हणतो, शिवण बुंध्यातून पुन्हा फुटते. मी त्याला गप्प केलं. मला असला दिलासा नको आणि तुलाही नको असेल.

आता तुला कळलं. यायचं की नाही ते तू ठरव.

रुक्मिणीबाई


२९ जानेवारी

रेवती,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण मागच्या पत्रातही मी सगळं लिहिलं नाही. तीन दिवस झाले, घास गिळताना तो मुकादम डोळ्यांपुढे येतो. त्याचा काही दोष नाही. तोडणीवाल्यांनी चूक केली नाही. त्यांना सांगितलं होतं तेच त्यांनी केलं.

दोन डिसेंबरला गटाची बैठक आपल्या ओसरीवर झाली. काढायच्या झाडांना खूण कशाने करायची, यावर बोलणं चाललं होतं. अविनाश म्हणाला, बुलढाण्याहून रंगाचे डबे आणतो. चहा घेऊन बाहेर आले ती मीच मध्ये बोलले, “रंग कायले इकत आनता? गेरू हाये ना घरोघरी.” सगळ्यांना पटलं. ज्याला गेरूचा पट्टा ते काढायचं, असं माझ्यासमोर ठरलं. माझ्याच तोंडून ठरलं.

दुसऱ्या दिवशी तीन डिसेंबर. सागरचा वाढदिवस. तू गेल्यापासून मी दर वर्षी त्या दिवशी झाडाशी जाते, हे तुला माहीत नाही. बुंध्याला पाणी घालते, आणि वाळवी लागू नये म्हणून खाली चुना आणि वर गेरूचा पट्टा ओढते. आपल्याकडे घरच्या झाडाला लावतात तसा. ओटा तू बांधू दिला नाहीस, नाव घालू दिलं नाहीस, मग वर्षातून एकदा एवढं तरी करावं, असं माझ्या मनात असायचं. त्या दिवशीही गेले. आदल्या दिवशीच्या बैठकीतला गेरू आणि माझ्या हातातला गेरू, हे दोन्ही एकच आहेत हे माझ्या डोक्यात आलंच नाही. त्याला आंघोळ घालावी तसं मी ते करत होते, रेवती. चांगला वीतभर रुंद पट्टा ओढला. लांबूनही दिसावा असा.

पाच दिवसांनी तोडणीवाले चौथ्या ओळीला आले. दुपारी मी अंगणात तूर निवडत होते. करवतीचा आवाज येत होता, तो सकाळपासूनच येत होता. एकदम मला आठवलं. सूप तिथेच टाकून पळाले. त्रेसष्टाव्या वर्षी चढावर पळणं म्हणजे काय, ते तुला काय सांगू. पोचले तर झाड आडवं पडलेलं आणि पट्टा वर आलेला.

ते लाकूड मी वेगळं काढायला लावलं असतं तर निघालं असतं. पण मी तिथेच बसले आणि मला उठता आलं नाही. तुझे सासरे घ्यायला आले तेव्हा गाडी भरून गेली होती. रात्रीतून भुसा झाला, कांड्या पडल्या. तिसऱ्या दिवशी कोणाला न सांगता एसटीने मलकापूरला गेले. कारखान्याच्या आवारात पांढऱ्या कोळशाचा ढीग लागला होता, आपला आणि आणखी चार गावांचा एकत्र. पहारेकऱ्याने विचारलं, काय पाहिजे आजी? मला काय पाहिजे ते मलाच सांगता येईना. म्हटलं, काही नाही, बघायला आले. त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. धुराड्यातून धूर निघत होता, तो बघत बसले. दुपारच्या गाडीने परत आले.

उरलेली विरळणी मी बंद पाडली आहे. पाचव्या ओळीपासून पुढे कोणाला हात लावू देत नाही. अविनाश रोज सांगतो, काकू, झाडं गुदमरून राह्यली, होळीच्या आत काढलं पाहिजे. त्याचं खरं आहे, मला दिसतं. पण कोणतं ठेवायचं आणि कोणतं काढायचं हे बघून सांगणारी तू एकटी होतीस, आणि माझा आता माझ्या हातावर भरवसा राहिलेला नाही.

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते.

रुक्मिणीबाई


२ फेब्रुवारी

रेवती,

उत्तर नाही. मी असते तर मीही दिलं नसतं.

हे शेवटचं. यानंतर माझ्यापाशी लपवायला काही उरत नाही.

सागरच्या तेरवीला जेवणावळ उठली, सगळी सोयरी मंडळी मांडवात होती, तुझे आईवडील जानेफळहून आले होते. त्या सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, “तुह्या झाडायनं खाल्लं माह्या पोराले.” रोपं आणायला तो मलकापूरला गेला म्हणून हायवेवर ट्रकखाली आला, आणि रोपं तुझी होती, म्हणून. तू भिंतीला टेकून बसली होतीस. मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि पुन्हा खाली घातलीस. त्यानंतर जूनपर्यंत तू या घरात राहिलीस ती फक्त त्या रोपाला पाणी घालायला. दिवसाला चार खेपा, विहिरीपासून वर चढावर. माझ्याशी बोलली नाहीस आणि मी तुझ्याशी. पहिला पाऊस झाला आणि तू पिशवी घेऊन निघालीस.

आता जे खरं घडलं ते लिहिते. तुला ते माहीत आहे, पण मी लिहिलं पाहिजे.

त्या दिवशी सकाळी तो ओसरीवर बूट घालत होता. तू म्हणालीस, आज नका जाऊ, उद्या टेम्पोवाला रोपं आणून टाकणार आहे, मोटरसायकलवर एवढे क्रेट कसे आणाल? त्याला ते पटलं होतं. एक बूट त्याने काढलाही होता. तेव्हा मी आतून ओरडले, “आजच जाय बाबू. उद्या अमुशा हाये, अमुशेले रोपं घरात आनत नाहीत.” तो तुझ्याकडे बघून हसला. म्हणाला, आईचं ऐकलं नाही तर आई रोपं दारातून आत घेणार नाही. आणि काढलेला बूट परत घातला.

तू जाऊ नका म्हणालीस, मी जा म्हणाले. तू दोन हातांवर उभी होतीस, सगळं ऐकलंस. आणि तेरा दिवसांनी भरल्या मांडवात मी तुझ्यावर ढकललं, तेव्हा ‘तुम्हीच पाठवलं’ एवढं तू बोलली असतीस तर मी तिथल्या तिथे मेले असते. तू बोलली नाहीस. तुझ्या वडिलांनी विचारलं असेल, आईने विचारलं असेल, तरी बोलली नसशील, कारण बोलली असतीस तर ते आजवर गप्प बसले नसते. मला वाचवलंस तू. आणि मी साडेचार वर्षं तुला साधं कार्ड टाकलं नाही, कारण लिहायला बसलं की हेच लिहावं लागणार होतं.

माझं चुकलं, रेवती. झाडाच्या बाबतीत हातून चूक झाली. तुझ्या बाबतीत मी जाणूनबुजून केलं. दोन्हींत फरक आहे आणि तो मला कळतो.

तू ये. दहालाच ये. खुंट आहे, तोच आहे, पण ये. मी सकाळपासून मोताळ्याच्या स्टँडवर थांबेन. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याबरोबर चालूही नकोस. पुढे चाल, मी मागून येते. तुझं तासभर बसून होईपर्यंत मी धुऱ्यापलीकडे थांबते. तेवढं कर.

आणि नाही आलीस तर मी काही म्हणणार नाही.

रुक्मिणीबाई


१२ फेब्रुवारी

रेवती,

परवा मी सातच्या आत स्टँडवर होते. मलकापूरची गाडी आली, बुलढाण्याची आली, परत मलकापूरची आली. प्रत्येक गाडीच्या दारात जाऊन उभी राहिले. कंट्रोलरने दोनदा विचारलं, कुठे जायचं आहे? तुला भूक लागलेली असेल म्हणून डबा केला होता, भाकरी आणि ठेचा, वांग्याचं भरीत. साडेतीन वाजले तेव्हा उठले. घरी आले आणि डबा तसाच्या तसा ओट्यावर आपटला. तुझे सासरे म्हणाले, तिले राग असू दे, तिचा हक्क हाये. मी म्हटलं, मी कुठे नाही म्हणते. आणि आत जाऊन रडले.

संध्याकाळी तानुबाई फाटकाची किल्ली द्यायला आली. तानुबाई दोन वर्षांपासून घाटाकडच्या फाटकावर तिकिटं देते, ती तुला ओळखत नाही. किल्ली देता देता म्हणाली, आज एकच माणूस आलं होतं बाई, एक पोरगी, एकटीच. बुलढाण्याकडून घाटातल्या गाडीने उतरली. तिकीट घेतलं, वही पुढे केली तर नावही लिहिलं नाही. वाट न विचारता सरळ वर गेली.

मी म्हटलं, सगळं सांग, काही गाळू नकोस.

तानुबाई म्हणाली, चौथ्या ओळीत तोडलेल्या झाडापाशी बसली होती. तास झाला असेल, जास्तच. रडत होती का, ते तिला लांबून दिसलं नाही. मग उठली, फाटकाशी आली आणि सुतळी मागितली. तानुबाईने पोत्यांची सुतळी होती ती दिली. ती घेऊन परत वर गेली आणि पाचव्या ओळीपासून एकेका झाडाला हात लावत, वर बघत, चालत सुटली. मध्येच थांबायची, मागे जायची, एखाद्याला सुतळी बांधायची, पुढे निघायची. पार शेवटच्या ओळीपर्यंत. ऊन चढलं होतं. तानुबाई पाणी घेऊन गेली तर प्यायली. जेवली का विचारलं तर नाही म्हणाली. अडीचच्या गाडीने गेली.

म्हणजे मी खाली स्टँडवर डबा घेऊन बसले होते आणि तू वर उपाशी माझं रान नीट लावत होतीस. अडीचला तू घाटातून गेलीस, साडेतीनला मी उठले. माझ्यापुढे यायचं नव्हतं म्हणून तू त्या बाजूने आलीस, हे मला समजतं. तरी तिकीट काढायला नको होतंस. स्वतः लावलेल्या झाडांमध्ये जायला तिकीट काढलंस, हे माझ्या जिवाला लागलं आहे.

काल सकाळी आम्ही दोघं वर गेलो. तुझे सासरे पुढे आणि मी मागे. एकशे चौदा झाडांना सुतळ्या आहेत. वाकडी, किडकी, दोन चांगल्यांच्या मध्ये अडकलेली, आता बघितल्यावर मलाही कळतं की हीच काढायची होती. अविनाश आला, एक ओळ हिंडला आणि म्हणाला, काकू, यात एकही चुकलेलं नाही. तोडणीवाल्यांना निरोप गेला आहे. तोच मुकादम येतो आहे. तो आला की आधी मी त्याची माफी मागणार आहे.

तानुबाईचं एक सांगायचं राहिलं. तू सुतळ्या बांधत होतीस तेव्हा तिने तुला विचारलं, ताई, तुमी फॉरेस्टच्या हा काय? तू नाही म्हणालीस. मग म्हणाली, हे काऊन बांधून राह्यल्या? तू सांगितलंस, ज्याले सुतळी हाये तेच काढायचं, बाकी कोनालेच हात लावायचा नाही. तानुबाई घाबरली, कारण पाचव्या ओळीपासून पुढे कोणी झाडाला हात लावायचा नाही अशी माझी सक्त ताकीद होती. ती म्हणाली, “आमची बाई लय कडक हाये. कोनं सांगतलं म्हनू तिले?”

तानुबाई सांगते, तू आधी हातातली गाठ पुरी केलीस. मग म्हणालीस, “सांगजा, सून सांगून गेली.”

हे मला सांगून तानुबाई माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिला काही उलगडेना. म्हणाली, “बाई, कोनाची सून व्हय हो ते?”

मी म्हटलं, “माही.”

रुक्मिणीबाई